गल्ल्यावर एकच माणूस

आमच्या घराण्यात ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस’ हे पद रिकामं ठेवायची पद्धत नाही. २००९ साली मावशीच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी भुवया कोरायच्या चिमट्याने ओढून काढला, त्या दिवसापासून ते पद माझ्याकडे आहे. वास्तविक मी बँकेत कर्जखात्यात बसतो. पण कुणाचा मोबाइल तापला, कुणाच्या टीव्हीवर मालिकेच्या ऐवजी निळा पडदा आला, कुणाच्या नातवाने कीबोर्डवर बोर्नव्हिटा सांडला, की फोन मला येतो. आणि मीही ‘बंद करून परत चालू कर’ या एका मंत्रावर इतकी वर्षं पद टिकवून होतो.

श्रावण संपत आला आणि मामांचा फोन आला.

“दुकानातला कॉम्प्युटर गावाला न्यायचाय.”

“मामा, न्यायचा तर यूपीएस पण न्यावा लागेल, आणि एसटीत…”

“उचलून नाही रे! तो इथेच. मी गावाला. पण मला तो तिथून दिसला पाहिजे. तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?”

या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची संधी मी २००९ सालीच घालवली होती.

मामांचं दुकान पुण्यात, बोहरी आळीत. हार्डवेअरचं. म्हणजे खरंखुरं हार्डवेअर : खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कडी-कोयंडे आणि भिंतभर कुलपं. मामा कुलूप नुसतं विकत नाहीत, आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतात. “दार लाकडी का लोखंडी? उंबरठा आहे? किल्ल्या किती जणांकडे राहणार?” किल्ल्या चारपेक्षा जास्त जणांकडे राहणार असतील तर स्पष्ट सांगतात, “मग हे साधं घ्या. महागाचं वाया जाईल.” चाळीस वर्षं लोकांना दारं बंद कशी करावीत हे शिकवत आलेला हा माणूस आज मला म्हणत होता, एक दार उघडून दे.

कारण गौरी-गणपती. राजापुराकडच्या घरी मामांचा गणपती असतो, आणि ते सात दिवस दुकान दिवाणजींवर असतं. दिवाणजी तीस वर्षं दुकानात आहेत. मामांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. इतका, की दर वर्षी गावाहून ते दिवसातून फक्त सहा वेळा फोन करतात. यंदा त्यांना फोन न करता विश्वास ठेवायचा होता.

‘सर्व्हर’ गल्ल्याच्या टेबलाखाली होता. काळा डबा, त्यावर गेल्या लक्ष्मीपूजनाचं कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी पाण्याचा तांब्या. आत हिशेबाची टॅली. टॅली १९८६ सालची, जन्माने बंगळुरू गावची. म्हणजे वयाने मामांच्या दुकानाच्या जोडीची. दिवाणजी मात्र दोघांपेक्षा थोरले. ते टॅलीत नोंद करतात आणि मग तीच नोंद लाल कापडी चोपडीत करतात. “टॅलीतली लाइट गेल्यावर दिसत नाही,” असं त्यांचं म्हणणं, आणि ते आजवर कुणाला खोडता आलेलं नाही.

टॅलीला दुरून बघायची तिची स्वतःची सोय असते, ती मी आधी सुचवली. पण मामांना नुसती टॅली नको होती. बिलांचे फोटो, ‘उधारी’ नावाची एक्सेल फाइल, आणि ‘नवीन फोल्डर (३)’ यात आणखी काहीतरी होतं, ज्याबद्दल ते बोलले नाहीत. त्यांना अख्खा कॉम्प्युटरच हवा होता. गावच्या पडवीत लॅपटॉप उघडला की समोर गल्ला दिसला पाहिजे.

“राऊटर कुठाय?” मी जाणकाराच्या आवाजात विचारलं.

दिवाणजींनी देवाच्या फोटोकडे बोट दाखवलं. राऊटर गणपतीच्या तसबिरीमागे होता. हिरवे दिवे लुकलुकतात म्हणून तो तिथे शोभतो, असं केव्हातरी ठरलं होतं. रोज सकाळी तसबिरीबरोबर त्यालाही उदबत्ती ओवाळली जाते. वरची राख फुंकून मी तो पालथा केला. खाली चिठ्ठी चिकटवलेली. नाव : ॲडमिन. पासवर्ड : ॲडमिन.

“हा बदलला नाहीत कधी?”

“चालतंय की,” दिवाणजी म्हणाले.

मी त्यांना २०१६ सालची ‘मिराई’ची गोष्ट सांगितली. मिराई म्हणजे एक उपद्व्यापी प्रोग्रॅम. तो जगभर हिंडून राऊटर आणि कॅमेऱ्यांची दारं ठोठावायचा आणि कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक जोड्या लावून बघायचा : ॲडमिन-ॲडमिन, रूट-रूट, युझर-युझर. जो उघडला तो त्याच्या फौजेत भरती. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेने इंटरनेटवरची नावं शोधून देणाऱ्या एका अमेरिकन कंपनीवर अशी गर्दी केली, की तिथल्या मोठमोठ्या वेबसाइटी कित्येक तास उघडेनात.

मामा शांतपणे म्हणाले, “म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच्याच कडीला टांगायची.” आणि दिवाणजींकडे असं पाहिलं, की जणू अमेरिकेचं नुकसान त्यांच्या पगारातून कापणार आहेत.

मी नवा पासवर्ड ठेवला. तो लिहून ठेवू नका असं बजावलं. त्याबरोबर दिवाणजींनी चोपडी काढून तो लिहिला. पण वाचून बघतो तो काय, मलाच कळेना. या दुकानात मालाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यात लिहीत नाहीत, अक्षरांत लिहितात. कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा हे मामा आणि दिवाणजी सोडून तिसऱ्या माणसाला ठाऊक नाही, मामींनासुद्धा नाही. पासवर्ड त्याच परिभाषेत उतरवला होता. बँकेत आम्हाला सायबर सुरक्षेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, जेवणासकट. हे त्यात नव्हतं.

आता मुख्य काम. मी मामांना समजावून सांगायला लागलो, म्हणजे मला समजतंय का ते बघायला लागलो.

“दुकान म्हणजे वाडा समजा. वाड्याला बाहेरून पत्ता एकच : घर नंबर अमुक, रविवार पेठ. आत बिऱ्हाडं मात्र पाच : सर्व्हर, बिलाचा प्रिंटर, दोन मोबाइल आणि कॅमेरा. आतल्या बिऱ्हाडांना राऊटरने खोल्यांचे नंबर दिलेत. सर्व्हरचा नंबर १९२.१६८.०.१०५.”

“१९२ च का?”

“१९९६ साली ठरलंय. काही नंबर घरातल्या घरात वापरायला राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच. शेजारच्या दुकानातही हेच असतील. जिन्यापाशी डावीकडची खोली, तशी प्रत्येक वाड्यात असतेच.”

मामांना पटलं. फक्त अडचण अशी, की राऊटर हा धर्मशाळेच्या व्यवस्थापकासारखा वागतो. जो येईल त्याला रिकामी खाट. काल १०५ वर झोपलेला आज १०७ वर. तेव्हा सर्व्हरची खाट पक्की करावी लागते. प्रत्येक यंत्राला जन्मतःच एक बारा अक्षरांचं नाव असतं, त्यातल्या पहिल्या सहांवरून त्याचं घराणं, म्हणजे बनवणारी कंपनी, कळते. ते नाव राऊटरच्या वहीत घालायचं आणि सांगायचं, या घराण्यातला हा इसम आला की त्याला १०५ च द्यायची. एवढं झालं आणि मला उगाचच आपण फार हुशार आहोत असं वाटू लागलं. असं वाटू लागलं की ओळखावं, पुढचा तिढा जवळ आलाय.

“आता पोर्ट,” मी म्हणालो. “प्रत्येक कॉम्प्युटरला दारं असतात. पासष्ट हजार पाचशे पस्तीस.”

मामांनी हातातला चहा खाली ठेवला. “किती?”

“६५,५३५. म्हणजे नंबर तितके. उघडी फार थोडी असतात.”

“आणि त्यांना कुलपं?” त्यांच्या डोळ्यांत क्षणभर घाऊक मागणीची चमक आली.

मी सांगितलं, की आपल्याला एकच हवंय, ३३८९. विंडोजचा दूरचा पडदा त्या दाराने जातो. एरवी बाहेरून अनोळखी टपाल आलं की राऊटर ते फेकून देतो. आतल्या कुणी आधी पत्र टाकलं असेल तर त्याचं उत्तर तेवढं आत सोडतो. आपण त्याला सांगायचं, ३३८९ लिहिलेलं काही आलं, तर न विचारता १०५ मध्ये नेऊन दे. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. तसं सांगितलं. ‘सेव्ह’ केलं. राऊटर मेला, परत जिवंत झाला, दिवे लुकलुकले. दिवाणजींनी नकळत हात जोडले.

मी गल्ल्यावर बसून दुकानाचा बाहेरचा पत्ता टाकला. उघडेना. अर्धा तास खटपट केली. मग आठवलं, की घरात बसून घराच्या बाहेरच्या पत्त्यावर टपाल टाकलं तर बरेच राऊटर गोंधळतात. आपल्याच घराची बेल वाजवायला बाहेर जावं लागतं. म्हणून लॅपटॉप घेऊन समोरच्या अमृततुल्यमध्ये गेलो आणि मोबाइलच्या नेटवरून बघितलं. तरी उघडेना. पुन्हा दुकानात, एक खूण बदलली, पुन्हा अमृततुल्य. त्या दुपारी मी रस्ता अकरा वेळा ओलांडला आणि सात कटिंग प्यालो. चहावाल्याने शेवटी विचारलं, “साहेब, मामांकडे वसुलीला आलात का?”

संध्याकाळी शोध लागला. फायबरवाल्याने भिंतीवर जो पांढरा डबा ठोकला होता, तोही राऊटरच होता. म्हणजे वाड्याच्या बाहेर अजून एक वाडा, आणि त्याच्या देवडीवर दुसरा रखवालदार. माझ्या रखवालदाराला मी सगळं पढवलं होतं; बाहेरच्याला कुणी काही बोललंच नव्हतं. तो ३३८९ लिहिलेलं सगळं टपाल इमाने इतबारे कचऱ्यात टाकत होता.

फायबरवाल्याला फोन केला. तिथे एका बाईंच्या आवाजाने मराठीसाठी एक दाबायला सांगितलं. एक दाबल्यावर हिंदीत विचारपूस सुरू झाली. तीन तक्रार क्रमांक मिळाले. चौथ्या दिवशी एक पोरगा आला, कानात एक इअरफोन, दुसरा लोंबता. “काय प्रॉब्लेम?” म्हणाला. मी दोन वाडे, दोन रखवालदार सगळं सांगितलं. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, “म्हणजे ब्रिज मोड ना?” आणि दोन मिनिटांत बाहेरच्या डब्याचा नुसता दगड करून टाकला. आलेलं टपाल आता न बघता आत सरकत होतं.

मी धावत अमृततुल्यमध्ये. उघडेना.

पोरगा अजून जिन्यातच होता. त्याने राऊटरच्या पानावर एक नंबर दाखवला. १०० ने सुरू होणारा, पुढे ७२. “तुम्ही सीजी-नॅटमागे आहात. पब्लिक आयपी नाहीच तुम्हाला.” आणि तो गेला.

रात्रभर वाचून सकाळी मी मामांपुढे उभा राहिलो. “मामा, इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटी. जगात माणसं त्याहून जास्त, आणि एकेका माणसाकडे फोन दोन. मध्यवर्ती कोठारातले पत्ते २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून संपले. मग फायबरवाले काय करतात, शंभर-दोनशे घरांना मिळून बाहेरचा पत्ता एकच देतात. आत प्रत्येकाला १०० पासून सुरू होणारा एक आपसातला नंबर. १००.६४ ते १००.१२७ एवढे नंबर २०१२ साली खास त्यासाठीच काढून ठेवलेत.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे आपला नंबर पी. पी. आहे!”

मी अवाक झालो. गेले चार दिवस मी वाडे बांधत होतो आणि मामांनी एका शब्दात घर उभं केलं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : टेलिफोनला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं त्या काळात लोक लग्नपत्रिकेवरसुद्धा शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे कंसात लिहायचे पी. पी. फोन यायचा खालच्या वाण्याकडे. वाण्याचा मुलगा चौकात येऊन माडीकडे बघून हाक मारायचा. मग गावी वारलेल्या आत्याची बातमी घ्यायला मामी हातातलं पीठ पुसत धावायच्या. आपण कुणाला फोन करायचा तर नाणं ठेवून केव्हाही करावा. आपल्याला कुणाचा यायचा, तर वाण्याच्या मर्जीवर.

“अगदी तेच. फक्त इथला वाणी हाक मारत नाही. तो म्हणतो, इथे दोनशे माणसं राहतात, मला काय ठाऊक कुणाचा फोन, आणि ठेवून देतो.”

“मग आपला स्वतःचा फोन घ्यायचा. पैसे किती?”

स्वतःच्या फोनला इथे ‘स्टॅटिक आयपी’ म्हणतात. पूर्ण वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे आणि सोबत जीएसटीचा दाखला, भाडेकरार आणि आधारची प्रत द्यायची. नंबर मिळाला तेव्हा मामांनी तो चोपडीच्या पहिल्या पानावर, ‘श्री’च्या खाली लिहिला. परिभाषेत नाही, उघड. स्वतःच्या नंबराचा अभिमान वेगळाच असतो.

मी अमृततुल्यमध्ये गेलो. पत्ता टाकला. पडदा क्षणभर काळा झाला, आणि मग कुंकवाचं स्वस्तिक सोडलं तर दुकानातला कॉम्प्युटर जसाच्या तसा माझ्या लॅपटॉपवर उगवला. टॅली, उधारी, नवीन फोल्डर (३). मी तिथूनच ओरडलो. रस्त्यापलीकडून मामांनी हात केला. चहावाल्याने आठव्या कटिंगचे पैसे घेतले नाहीत. मामांनी पेढे मागवले, आणि आपलं पद आता मुलाच्या मुलालाही लागेल अशा धुंदीत मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवाणजींचा फोन. “भाचेसाहेब, कॉम्प्युटर दिवसभर धापा टाकत होता.”

जाऊन नोंदवही उघडली. विंडोज प्रत्येक चुकलेल्या पासवर्डची नोंद ठेवतं, तिचा नंबर ४६२५. त्या नोंदींनी पानंच्या पानं भरली होती. मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. कुणीतरी दिवसभर, सेकंदा-दोन सेकंदाला एक, नावं लावून बघत होतं : ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, स्कॅनर, अकाउंट्स. कुठलेकुठले देश. बोहरी आळीतल्या बिजागऱ्यांचा जगाला अचानक असा लळा लागलेला बघून मला दरदरून घाम फुटला.

हे कुणी मामांवर डूख धरून केलं नव्हतं. यंत्रं रात्रंदिवस सगळ्या पत्त्यांवरून फिरत असतात आणि ओळीने दारं हलवून बघतात. ३३८९ हे त्यांचं फार आवडतं. मे २०१९ मध्ये तर याच दारात एक असं भगदाड सापडलं होतं, की पासवर्ड न विचारताच आत शिरता येत होतं. ‘ब्लूकीप’ त्याचं नाव. ते इतकं वाईट, की मायक्रोसॉफ्टने केव्हाच पेन्शनीत काढलेल्या विंडोज एक्सपीलासुद्धा डागडुजी पाठवली.

“म्हणजे,” मामा म्हणाले, “दिवसभर कुणीतरी आपलं शटर हलवून बघत होतं. आणि तू ते शटर रस्त्यावर आणून ठेवलंस.”

“नंबर बदलतो, मामा. ३३८९ च्या ऐवजी दुसरा कुठला तरी. पुष्कळ लोक तसं करतात.”

मामांनी मला भिंतीवरच्या कुलपांसमोर उभं केलं. “कुलूप दाराच्या वरच्या कडीऐवजी खालच्या कडीला लावलं, तर चोर परत जातो? फार तर वाकतो.”

बोलून ते गिऱ्हाइकाकडे वळले. मी दार बंद केलं. मग आठवलं, की किल्ल्या किती जणांकडे राहणार हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मामा गिऱ्हाइकाला आधी तेच विचारतात. मी पहिल्या दिवसापासून दार कसं उघडायचं एवढंच शोधत होतो.

उत्तर होतं : एकाकडे. एका लॅपटॉपकडे. त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी खासगी वाट, लागते. मी ‘वायरगार्ड’ नावाचं घेतलं, लिनक्सच्या गाभ्यात २०२० साली सामावून घेतलेलं, फुकट. त्यात पासवर्डच नसतो. सर्व्हरची एक जोडकिल्ली, लॅपटॉपची एक जोडकिल्ली. प्रत्येक किल्ली ४४ अक्षरांची. जोडीतली एक समोरच्याला द्यायची, दुसरी जन्मात कुणाला दाखवायची नाही. दोघांनी एकमेकांना ओळखलं तरच बोलणं, आणि तेही सगळं परिभाषेत. मामांना हे समजावायला मला दोन वाक्यं लागली. या दुकानात भाव असेच बोलले जातात.

“आणि अनोळखी कुणी दार ठोठावलं तर?”

“उत्तरच देत नाही. ‘नाही’सुद्धा म्हणत नाही. बाहेरच्याला वाटतं, इथे भिंतच आहे.”

मामांनी कौतुकाने मान हलवली. “हा खरा रखवालदार. आतापर्यंतचे नुसतेच आवाज करणारे.”

त्या रात्री मामेबहिणीला बंगळुरूला फोन करून मी पराक्रम सांगितला. ती याच धंद्यात आहे. घराण्याने तिला कधी विचारलं नाही, कारण पद भरलेलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादा, टेलस्केल का नाही टाकलंस? आत वायरगार्डच असतं. दोन्ही बाजूंनी आतूनच बाहेर जोडतं. पोर्ट उघडायला नको, सीजी-नॅट चालतं, स्टॅटिक आयपी लागतच नाही. दहा मिनिटांचं काम.”

हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही. हा लेख त्यांच्या वाचनात आला, तर वर्षाचे पैसे भरून झालेत हे लक्षात घ्यावं, ही विनंती.

निघायच्या आदल्या रात्री मामांनी घरून तालीम केली. लागेना. मी धावत दुकानात. शटर उघडून बघतो तर आत मिट्ट काळोख. दिवाणजी तीस वर्षं दुकान वाढवताना मेन स्विच खाली ओढतात, त्याला नमस्कार करतात आणि मग कुलूप लावतात. वायरगार्ड, ४४ अक्षरं, स्वतःचा फोन, या सगळ्यांच्या वर तो एक काळा खटका होता. दिवाणजींना फोन करून सांगितलं, यापुढे खटका ओढायचा नाही. ते गप्प झाले. मग म्हणाले, “नमस्कार केला तर चालेल?”

मामा गावी पोचले. पहिला दिवस. दुपारी साडेबाराला त्यांनी पडवीत लॅपटॉप उघडला, आणि गल्ला दिसला. मला फोन करून “दिसला रे!” म्हणाले. आवाज पंचाहत्तर टक्के कोकणी झालेला. मला कृतकृत्य वाटलं. पाच मिनिटांत दिवाणजींचा फोन. “समोर गिऱ्हाईक उभं आहे, बिल अर्धं झालंय, आणि कॉम्प्युटरने तोंडावर पडदा पाडला. पासवर्ड विचारतोय.”

“टाका मग.”

त्यांनी टाकला. त्याबरोबर मामांचा फोन. “आत्ता होतं, आत्ता गेलं! मला बाहेर काढलं कुणीतरी!”

घोळ माझ्या ध्यानात यायला तिसरी फेरी लागली. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच माणूस बसू शकतो. मामा राजापुरातून आत शिरले, की दिवाणजींच्या समोरचा पडदा बंद. दिवाणजींनी पासवर्ड टाकला, की मामा बाहेर. तीनशे किलोमीटरवरून दोन म्हातारे एकमेकांना एकाच खुर्चीवरून उठवत होते, आणि दोघांनाही वाटत होतं, चोर शिरला. मधे गिऱ्हाईक, दोन डझन बिजागऱ्या हातात धरून.

एकाच वेळी अनेकांना बसवणारं सर्व्हरचं खरं विंडोज वेगळं मिळतं, पण त्याची किंमत ऐकून मामांनी गणपतीची शपथ घातली. शेवटी तह झाला. दिवसा दिवाणजी. रात्री साडेआठला शटर पडल्यावर मामा. मामा नाखुशीने म्हणाले, “बरोबर आहे. गल्ल्यावर एका वेळी एकच माणूस बसतो. आमच्या वडिलांनी मलाही तेच सांगितलं होतं. दुसऱ्याला हिशेब विचारता येतो, खुर्ची नाही.”

त्यानंतर उरलेले दिवस मला कुणाचाच फोन नाही. मामा येऊन दुकान उघडल्यावर मी गेलो, सगळं नीट आहे ना ते बघायला. कॉम्प्युटरवर नोटपॅडची एक फाइल दिसली. नाव ‘चिठ्ठी’. मी उघडली.

‘शेठ, आजचा गल्ला टॅलीत भरला आहे. पलीकडचे रंगवाले उधारी देऊन गेले. आपण पडवीत डास चावून घेऊ नये. — दिवाणजी’

‘बघितलं. ठीक. दोन नंबरच्या खिळ्यांची पेटी मागवावी. आज गौरी आल्या.’

‘पेटी सांगितली. गौरींना नमस्कार. आमच्या घरीही आल्या. दुकान सात वाजता बंद केले, माफी असावी.’

‘उद्या सहाला बंद करा. घरी पाहुणे असतील.’

अशा सात दिवसांच्या चौदा नोंदी. खाली-वर, एकाखाली एक, चोपडीत लिहाव्या तशा. तीस वर्षांत फोनवर या दोघांचं बोलणं “किती झाले?” आणि “इतके झाले” याच्या पुढे कधी गेलेलं मी ऐकलं नव्हतं.

शेवटची नोंद परतीच्या आदल्या रात्रीची होती.

‘शेठ, आपण आल्यावर कॉम्प्युटरचे हे काढणार का?’

त्याखाली मामांचं उत्तर :

‘असू दे. वर्षाचे पैसे भरले आहेत.’